खुर्ची बदलूनही दुखणे उलटते तेव्हा: घरातील कामाच्या जागेचे समस्यानिवारण

घरून काम करणाऱ्यांची ही तक्रार बहुधा एकाच वळणाने जाते. सुरुवातीचे काही आठवडे सरले की मान अवघडू लागते, माऊस धरणाऱ्या बाजूचा खांदा भरून येतो आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतात. मग चांगली खुर्ची घेतली जाते आणि आठ-दहा दिवस बरे वाटते. त्यानंतर दुखणे उलटते. लॅपटॉपखाली उंच स्टँड येतो, पाठीमागे उशी येते, मनगटाखाली मऊ पट्टी येते. प्रत्येक वस्तूने थोडे दिवस आराम पडतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी बैठे काम म्हटले की एवढे सोसायचेच, अशी मनाची समजूत घातली जाते. ही समजूत चुकीची आहे, आणि ज्यांना अजून कित्येक वर्षे याच टेबलाशी बसायचे आहे त्यांना ती महागात पडू शकते.

दुखणे परत का येते, याचे उत्तर बहुतेक वेळा वस्तूंच्या दर्जात नसून त्या बदलण्याच्या क्रमात सापडते. जमीन, खुर्ची, टेबल, कीबोर्ड आणि स्क्रीन यांची उंची एकमेकींशी बांधलेली असते. खुर्ची वर घेतली की पाय अधांतरी राहतात, खाली घेतली की खांदे उचलले जातात, आणि स्क्रीन उंचावली पण कीबोर्ड तिलाच जोडलेला असला तर हात हवेत राहतात. एक दोष काढताना दुसरा शिरतो, आणि तो अंगाला जाणवायला काही दिवस लागतात म्हणून मधल्या काळात गुण आला असे वाटते. दुसरे कारण असे की मांडणी चुकल्यामुळे होणारे दुखणे आणि फार वेळ एकाच स्थितीत राहिल्यामुळे होणारे दुखणे यांची गल्लत केली जाते. पहिल्यावर टेप आणि थोडी फिरवाफिरव हा उपाय आहे. दुसऱ्यावर कितीही महागडी खुर्ची चालत नाही. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी आपले दुखणे यांपैकी कोणते, हे ठरवणे आवश्यक आहे.

ज्या लक्षणांत खुर्चीचा विचार करू नये

काही लक्षणे दिसली तर मांडणी दुरुस्त करीत न बसता डॉक्टरांकडे जावे. हातातील किंवा पायातील जोर कमी होणे, वस्तू हातातून वारंवार निसटणे, बधिरपणा तासन्‌तास न जाणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, दुखण्यासोबत ताप येणे किंवा कारण नसताना वजन घटणे, पडल्यानंतर अथवा मार लागल्यानंतर सुरू झालेली कळ, ही त्यांतील मुख्य होत. लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बैठकीच्या भागात बधिरता येणे ही तातडीची अवस्था आहे. त्याचप्रमाणे श्रम केल्यावर छातीत दडपण येऊन हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, तर तिला खांद्याचे दुखणे समजून घरी थांबू नये.

दुखणे केव्हा सुरू होते आणि नेमके कुठे

वरीलपैकी काही नसेल, तर एक आठवडाभर काहीही न बदलता फक्त नोंद ठेवावी. दुखणे जाणवले की वेळ, त्या क्षणी चालू असलेले काम आणि दुखणारी जागा, एवढेच लिहावे. ही नोंद कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच बहुतेक जण ती टाळतात. पण पुढची सगळी चाचपणी तिच्यावरच उभी आहे.

बसल्यापासून दहा-पंधरा मिनिटांतच ताण जाणवत असेल, तर मांडणीत ढोबळ चूक आहे. तास-दीड तासानंतर हळूहळू वाढणारे आणि उठून चार पावले चालल्यावर कमी होणारे दुखणे बहुधा स्थिर बसण्याचे असते. सकाळी उठल्याउठल्या मान धरलेली असते आणि काम सुरू केल्यावर सैल होते, असे असेल तर टेबलाला हात न लावता आधी उशी आणि झोपण्याची पद्धत तपासावी. केवळ बैठकांच्या दिवशीच मान दुखत असेल, तर कॅमेरा समोर नसून बाजूला आहे का, किंवा फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरण्याची सवय लागली आहे का, ते पाहावे.

जागाही तितकीच बोलकी असते. दोन्ही खांद्यांचा वरचा, मानेकडे जाणारा भाग दुखतो तेव्हा टेबल उंच असते किंवा खुर्चीचे हात उंच असतात. फक्त माऊसच्या बाजूचा खांदा आणि त्याच बाजूचे फऱ्याचे हाड दुखते तेव्हा माऊस दूर असतो. कवटीच्या तळाशी, मानेच्या अगदी वरच्या टोकाला ताण येतो तेव्हा हनुवटी पुढे काढून किंवा वर उचलून वाचले जात असते. कंबर दुखत असेल तर पाय टेकतात का आणि पाठ खरोखर टेकलेली असते का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

बोटांना येणाऱ्या मुंग्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कोणत्या बोटाला मुंग्या येतात यावरून दाब कुठे पडतो याचा बराच अंदाज येतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल, तर कोपराच्या आतल्या कडेने जाणारी नस दबत असण्याचा संभव असतो. कोपर टेबलाच्या कठीण पृष्ठावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवून तासन्‌तास बसणाऱ्यांना हा त्रास होतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू यांना मुंग्या येत असतील, तर मनगटातून जाणाऱ्या नसेवर दाब असू शकतो. पहिल्या प्रकारात मनगटाखालच्या मऊ पट्टीचा काहीही उपयोग नाही, आणि दुसऱ्या प्रकारात ती पट्टी टंकताना मनगटाखाली दाबून ठेवली तर त्रास वाढतो. मुंग्या दोन-तीन आठवडे टिकून राहिल्या तर तपासणी करून घ्यावी. नसेचा त्रास अंगावर काढण्याचा नसतो.

लॅपटॉप हा एकट्याने पुरेसा नाही

ज्यांचे सर्व काम लॅपटॉपवर चालते त्यांच्या बाबतीत दोषाचे मूळ बहुधा यंत्राच्या रचनेतच असते. त्याची स्क्रीन आणि कीबोर्ड बिजागरीने जोडलेले असतात, तर शरीराला स्क्रीन डोळ्यांजवळच्या उंचीवर आणि कीबोर्ड कोपरांच्या उंचीवर हवा असतो. या दोन उंचींमध्ये बसलेल्या माणसाच्या धडाइतके अंतर असते आणि कोणतीही बिजागरी ते भरून काढू शकत नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवला तर मान वाकते. स्टँडवर चढवून त्याच्याच कीबोर्डवर टंकले तर मान सुटते आणि खांदे व मनगटे अडकतात. स्टँड घेतल्यावर दुखणे मानेतून खांद्यात उतरले, असे अनेक जण सांगतात ते याचमुळे.

माणसाच्या डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किलो असते. ते मणक्याच्या रेषेत तोललेले असते तेव्हा मानेच्या मागच्या स्नायूंना फारसे काम पडत नाही. डोके पुढे झुकले की तेच वजन हात लांब करून धरलेल्या भरल्या बादलीसारखे जड होते. अमेरिकेतील मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार मान १५ अंश झुकली तर तिच्यावरचा भार सुमारे १२ किलो, ३० अंशांत सुमारे १८ किलो आणि ६० अंशांत सुमारे २७ किलो होतो. हे आकडे गणिताने काढलेले आहेत, जिवंत मानेत मोजलेले नाहीत, त्यामुळे त्यांना किलोच्या हिशेबात फार घट्ट धरू नये. मात्र झुकाव थोडा वाढला तरी भार भराभर वाढतो, ही त्यांतली दिशा खरी आहे.

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च खुर्चीवर न करता वेगळ्या कीबोर्डवर आणि माऊसवर करावा, असे माझे ठाम मत आहे. स्टँड विकत घेतला नाही तरी चालतो. जाड पुस्तकांचा स्थिर गठ्ठा तेच काम करतो. वेगळ्या कीबोर्डला पर्याय मात्र नाही.

जुळवणी कोपरापासून सुरू करावी

जुळवणीची सुरुवात बहुतेक लोक स्क्रीनपासून करतात, कारण ती डोळ्यांसमोर असते. ती कोपरापासून करावी. हात दिवसभर एका ठरावीक उंचीवर राबणार असतात आणि ती उंची शरीराने ठरवलेली असते, फर्निचर करणाऱ्याने नव्हे.

खुर्चीवर मागपर्यंत सरकून बसावे, खांदे एकदा वर उचलून सैल सोडावेत, दंड शरीराच्या बाजूला मोकळे ठेवावेत आणि कोपर काटकोनात दुमडावेत. या स्थितीत कोपराच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून टेपने मोजून घ्यावे. स्वतः मोजायला वाकले की खांदा हलतो आणि माप चुकते. आता टेबलाच्या वरच्या पृष्ठाची उंची मोजावी. तयार मिळणारी बहुतेक टेबले ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात. ज्या व्यक्तीचे पाय ४० सेंटिमीटर उंचीच्या आसनावर नीट टेकतात आणि जिचे कोपर आसनापासून २३ सेंटिमीटरवर येते, तिच्या कोपराची उंची ६३ सेंटिमीटर भरते. तिच्यासाठी ७५ सेंटिमीटरचे टेबल १२ सेंटिमीटर जास्त उंच आहे. ही तफावत खांदे उचलून भरून काढली जाते. ते खांदे इतके थोडे उचललेले असतात की बसणाऱ्याला कळतही नाही, पण आठ तास ते तसेच धरून ठेवावे लागतात.

टेबल उंच असल्याची एक खूण अंगावरच सापडते. दोन तास टंकल्यानंतर हात उलटे करून मनगटाच्या जरा मागे, आतल्या बाजूला पाहावे. तिथे टेबलाच्या कडेचा आडवा, लालसर वळ उमटला असेल आणि बोटाने दाबल्यावर ती जागा हुळहुळत असेल, तर हातांचा भार टेबलाची कड पेलत आहे, म्हणजे टेबल उंच आहे किंवा कीबोर्ड कडेपासून फार आत ढकललेला आहे.

यावर उपाय दोनच. शक्य असेल तर टेबल खाली आणावे: लाकडी टेबलाचे पाय सुताराकडून कापून घेता येतात, किंवा टेबलाखाली बाहेर सरकणारा कीबोर्डचा खण बसवता येतो, मात्र तो मांड्यांना घासत नाही ना हे आधी पाहावे. टेबलाला हात लावता येत नसेल तर खुर्ची तेवढ्या फरकाने वर घ्यावी आणि पायांखाली तितक्याच उंचीचा भक्कम आधार द्यावा. हा दुसरा भाग हमखास विसरला जातो. पाय लोंबकळत राहिले की आसनाची पुढची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते, पाय जड होतात आणि ते टेकवण्यासाठी माणूस नकळत पुढे घसरतो. पुढे घसरला की पाठ सुटते, पाठ सुटली की कंबर गोलावते आणि हनुवटी पुढे येते. नवी खुर्ची घेऊनही कंबर का दुखते, याचे उत्तर अनेक घरांत पायांखाली नसलेल्या १० सेंटिमीटरच्या आधारात असते.

कोपर आणि पाय जुळल्यावर आसनाची खोली पाहावी. पाठ टेकवून बसल्यावर आसनाची कड आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. खोली जास्त असेल तर पाठीमागे जाड उशी लावून ती कमी करता येते. कमरेच्या आतल्या वळणाला, साधारण पट्टा बांधतो त्या उंचीवर, गुंडाळलेल्या टॉवेलचा आधार पुरतो. आधार त्याहून वर सरकला की तो फायद्याऐवजी पाठीला पुढे ढकलतो.

‘ताठ बसा’ हा लहानपणापासून ऐकलेला उपदेश येथे बाजूला ठेवावा. १९९९ मध्ये जर्मनीतील हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून नेहमीच्या हालचालींतील दाब मोजला. उभे असताना तो सुमारे ०.५ मेगापास्कल होता, खुर्चीत सैलसर टेकून बसल्यावर सुमारे ०.३, तर पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८ च्या वर गेला. एका व्यक्तीवरील मोजमापावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे मान्यच आहे. तरीही पाठ टेकवून, किंचित मागे रेलून बसणे आळशीपणाचे नसून कमरेवरचा भार हलका करणारे आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते. खुर्चीची पाठ १०० ते ११० अंशांवर ठेवावी आणि तिच्यावर खरोखर टेकावे. टेकायची नसेल तर चांगल्या पाठीच्या खुर्चीला काही अर्थ नाही.

स्क्रीनची पाळी आता येते. तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, म्हणजे मजकूर वाचताना नजर थोडी खाली उतरते आणि मान स्थिर राहते. अंतर हात लांब करून बोटे टेकतील एवढे, साधारण ५० ते ७५ सेंटिमीटर ठेवावे. ज्यांच्या चष्म्याला जवळचा नंबर खालच्या भागात आहे त्यांनी हा नियम जसाच्या तसा पाळू नये. स्क्रीन उंच असेल तर त्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते आणि कवटीच्या तळाशी दिवसभर ताण पडतो. त्यांनी स्क्रीन बरीच खाली घ्यावी किंवा स्क्रीनच्या अंतरासाठी स्वतंत्र चष्मा करून घ्यावा. चाळिशीनंतर उलटणाऱ्या मानदुखीत हे कारण वारंवार निघते आणि खुर्ची-टेबलात शोधत राहिल्यास ते कधीच सापडत नाही.

माऊसविषयी एवढेच सांगायचे की तो कीबोर्डला चिकटून, त्याच उंचीवर असावा. अंकांचा वेगळा गट असलेल्या रुंद कीबोर्डमुळे माऊस तेवढा बाहेर ढकलला जातो आणि दंड शरीरापासून दूर धरावा लागतो. अंकांचे काम नसेल तर आखूड कीबोर्ड वापरावा. दोन मॉनिटर असतील आणि एकावरच बहुतेक काम होत असेल, तर तोच नाकासमोर हवा; दोन्हींच्या मधली फट समोर ठेवून बसले की मान दिवसभर एका बाजूला वळलेली राहते.

अक्षरांचा आकार आणि प्रकाश हे मानेचेही प्रश्न आहेत

जुळवणी अचूक करूनही काही जण तासाभरात पुन्हा स्क्रीनकडे झुकलेले आढळतात. त्यांना आठवण करून देऊन उपयोग होत नाही, कारण डोळ्यांना जे दिसत नाही ते दिसावे म्हणून मान पुढे जात असते. अक्षरे लहान असतील तर शरीर डोळ्यांच्या बाजूने निर्णय घेते, मानेच्या नाही. म्हणून पाठ टेकवून बसावे, त्या अंतरावरून मजकूर सहज वाचता येईपर्यंत अक्षरांचा आकार वाढवावा आणि तो तसाच कायम ठेवावा. एकही पैसा न लागणारा हा बदल मानदुखीत अनेक वस्तूंपेक्षा अधिक काम करतो, असे मला वाटते.

प्रकाशाचेही तसेच आहे. खिडकी समोर असेल तर डोळे दिपतात, पाठीमागे असेल तर तिचे प्रतिबिंब स्क्रीनवर पडते आणि ते टाळण्यासाठी माणूस वाकडा बसतो. टेबल असे लावावे की खिडकी एका बाजूला येईल. कार्यालयातील लेखन-वाचनासाठी साधारण ५०० लक्स प्रकाश मानला जातो, तर घरातील बसण्याच्या खोल्यांत रात्री तो बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे कागद वाचायचे असतील तर टेबलावर वेगळा दिवा हवा. स्क्रीनची उजळता तपासण्याची सोपी रीत अशी की तिच्यावर पांढरे पान उघडावे आणि शेजारी कोरा कागद धरावा. स्क्रीन दिव्यासारखी उजळ वाटली तर ती मंद करावी, राखाडी वाटली तर वाढवावी.

चुरचुरण्याचे कारण मात्र बहुधा प्रकाश नसतो. निवांत असताना आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर एकाग्र असताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि डोळ्यांवरचा अश्रूंचा थर सुकतो. त्यात पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर सुकणे आणखी वाढते, म्हणून आधी झोताची दिशा बदलावी. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट (सुमारे ६ मीटर) दूर पाहण्याचा जो नियम सांगितला जातो, त्यातील आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेले आहेत. पण त्यामागचे काम खरे आहे. दूर पाहिल्यावर जवळच्या नजरेसाठी आवळलेला डोळ्यांतील स्नायू सैल होतो, आणि त्या वेळी चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटल्या तर ओलावाही परततो.

दुपारी डोके जड होत असेल तर

मान आणि डोळे ठीक असताना दुपारनंतर डोके जड होते आणि लक्ष लागत नाही, अशी तक्रार असेल तर दार-खिडक्या किती वेळ बंद होत्या ते पाहावे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आज दर दहा लाख भागांत ४२० हून थोडे अधिक असते. लहान, बंद खोलीत एकच माणूस काही तास बसला तरी ते सहज १,००० च्या पुढे जाते. खोलीतील हवा कोंदट झाल्याचे हेच माप माक्स फोन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये सुचवले होते आणि ते अजूनही वापरात आहे. दर दीड-दोन तासांनी समोरासमोरची दार-खिडकी दहा मिनिटे उघडावी. तेवढ्याने डोके हलके झाले तर निदान झालेच.

मांडणी बरोबर आहे, तरी दीड तासाने दुखते

आता उरते ते दुखणे, जे कोणत्याही जुळवणीने जात नाही. स्नायू थोडासाच, पण अखंड आवळलेला राहिला तर तो थकतो, आणि उत्तम स्थितीत बसलेल्या माणसाचेही मानेचे व पाठीचे स्नायू काही प्रमाणात आवळलेले असतातच. घरात हा दोष कार्यालयापेक्षा अधिक वाढतो, कारण तिथे नकळत होणारे चालणे, म्हणजे ये-जा, जिने, दुसऱ्याच्या टेबलापर्यंत जाणे, बैठकीची खोली गाठणे, हे सगळे येथे गळून पडलेले असते. एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जाण्यासाठी खुर्चीवरून उठावेही लागत नाही.

उभे राहून काम करण्याचे टेबल हा यावरचा पूर्ण उपाय नाही. दिवसभर उभे राहिल्याने पायांना सूज येते, कंबर अवघडते आणि शिरांच्या तक्रारी वाढतात; बसणे आणि उभे राहणे आलटून पालटून करता येत असेल तरच त्याचा उपयोग आहे. तसे टेबल नसले तरी अर्ध्या तासाने उठण्याची कारणे जागेतच पेरून ठेवता येतात. पाण्याचे भांडे लहान ठेवावे आणि ते दुसऱ्या खोलीत भरावे. ज्या बैठकीत फक्त ऐकायचे असते ती हेडफोन लावून चालत ऐकावी. चार्जर हाताशी न ठेवता दूर लावावा. गजर लावून उठण्याचा प्रयोग बहुतेकांचा आठवड्याभरात मोडतो, कारण काम रंगात असताना गजर बंद करणे सोपे असते. तहान लागल्यावर मात्र उठावेच लागते. यासोबत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० मधील शिफारस घरून काम करणाऱ्याने ये-जा वाचलेल्या वेळेतूनच भागवली, तर तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

बरे झालेले दुखणे काही महिन्यांनी परत आले तर

अशा वेळी सगळी मांडणी मोडून नव्याने सुरुवात करू नये. मधल्या काळात काय बदलले, एवढेच शोधावे. चष्म्याचा नंबर बदलला का, कामात बैठका वाढल्या का, दुसरा मॉनिटर आला का, हे पाहावे. जुळवणी अनवाणी केली होती आणि आता जाड तळाची पादत्राणे घालून बसतो, एवढ्यानेही दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. घरातील आणखी कोणी तीच खुर्ची वापरत असेल तर तिची उंची रोज बदलत असते आणि ती परत लावताना अंदाजाने लावली जाते. यासाठी आसनाची उंची, पायांखालच्या आधाराची उंची, स्क्रीनच्या वरच्या कडेची उंची आणि स्क्रीनपर्यंतचे अंतर ही चार मापे कागदावर लिहून टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवावीत आणि खुर्चीच्या दांड्यावर खडूची किंवा टेपची खूण करावी.

ती खूण आणखी एका कामाला येते. उंची कमी-जास्त करणाऱ्या खुर्चीतला वायूचा सिलिंडर जुना झाला की बसलेल्या माणसाच्या वजनाने तासाभरात थोडा थोडा खाली उतरतो. हा उतार इतका सावकाश असतो की बसणाऱ्याला कळत नाही. सकाळी कोपर टेबलाच्या पातळीत असते आणि दुपारी खांदे पुन्हा उचललेले असतात. सकाळी खुणेशी जुळवून बसावे आणि दोन तासांनी खूण पुन्हा पाहावी. ती सरकली असेल तर खुर्ची टाकून देण्याची गरज नाही, सिलिंडर सुटा मिळतो आणि बदलता येतो. ती सरकलेली नसेल तर आठवडाभराची नोंद पुन्हा सुरू करावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुढच्या बदलाआधी निदान चार-पाच कामाचे दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे कोणत्या बदलाने गुण आला हे कळते आणि बाकीचे पैसे वाचतात.